काळी आणि तांबडी : मृदा-रसायनातील घटकविचार व संरचनाविचार

१

नांदेड जिल्ह्यातील नायगावहून बिलोली व देगलूरकडे जाताना भूमीचे स्वरूप थोड्या अंतरात पालटते. पश्चिमेकडून पसरत आलेल्या दख्खनच्या बेसाल्टाचे आवरण जिल्ह्याच्या या पूर्वभागात संपत येते आणि त्याखालील पुरातन ग्रॅनाइट व नीस हे खडक उघडे पडू लागतात. त्यामुळे काळी कपाशीची जमीन आणि तांबडी हलकी जमीन या दोन्ही येथे एकमेकींच्या शेजारी आढळतात. त्यांतील भेद सांगण्यास येथील शेतकऱ्याला प्रयोगशाळेची गरज पडत नाही. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, चिकट होते व तीत औताचे बैल रुततात; उन्हाळ्यात ती आक्रसते आणि तिला खोल भेगा पडतात; परंतु पावसाळ्यात साठविलेल्या ओलीवर ती रब्बीची ज्वारी पिकविते. तांबड्या जमिनीला तशा भेगा पडत नाहीत. मात्र पावसाने ओढ दिली म्हणजे तिच्यावरील पीक आधी सुकते.

‘वाफसा’ हा आपल्या भाषेतील शब्द याच अनुभवातून अर्थपूर्ण झाला आहे. फार ओली नाही व फार कोरडीही नाही, औत चालेल आणि बी उगवेल, अशी जमिनीची जी मधली स्थिती तिला वाफसा म्हणतात. तांबड्या जमिनीत तो लवकर येतो. काळीत तो उशिरा येतो, थोडा काळ टिकतो, आणि तो चुकला तर पेरणीची वेळ चुकते.

रसायनशास्त्राच्या अभ्यासकापुढे येथे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. या दोन्ही मातींची चिकण मुख्यतः सिलिका, ॲल्युमिना, लोहाचे ऑक्साइड व पाणी यांचीच बनलेली असते. घटक बव्हंशी समान असताना गुणधर्म इतके भिन्न का असावेत? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास सुमारे शंभर वर्षे लागली. हा काळ ज्ञानाच्या अभावामुळे जितका लागला, तितकाच तो प्रश्न चुकीच्या ठिकाणी विचारला गेल्यामुळेही लागला, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. पदार्थात काय आहे, याची यादी दीर्घकाळ करण्यात आली. ते कसे बांधलेले आहे, हा प्रश्न फार उशिरा पुढे आला.

२

काळ्या मातीला इंग्रजी ग्रंथांत ‘रेगूर’ हे जे नाव मिळाले, ते तेलुगूतील ‘रेगड’ या शब्दावरून. हिंदुस्थान सरकारचे कृषिरसायनज्ञ जे. डब्ल्यू. लेदर यांनी १८९८ साली भारतीय मातींच्या घटकांविषयी आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी देशातील प्रमुख माती चार वर्गांत विभागल्या : सिंधु-गंगेच्या खोऱ्यातील गाळाची, काळी कपाशीची, रूपांतरित खडकांवरील तांबडी, आणि जांभ्याची. हे वर्गीकरण पुढील अनेक दशके पायाभूत मानले गेले.

त्या काळच्या विश्लेषणाची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. माती आम्लात शिजवावी, विरघळलेला भाग निवडावा, आणि सिलिका, लोह, ॲल्युमिना, चुना, मॅग्नेशिया, पोटॅश, स्फुरद व नत्र यांचे शेकडा प्रमाण कोष्टकात मांडावे. या रीतीमागे लिबिग यांच्या १८४० च्या ग्रंथापासून रूढ झालेली कल्पना होती. माती म्हणजे वनस्पतीच्या अन्नाचे कोठार. कोठारात काय व किती आहे हे मोजले म्हणजे जमिनीची योग्यता कळली, अशी ती कल्पना. काळ्या मातीच्या बाबतीत मात्र हे कोष्टक गोंधळात पाडणारे निघाले. तिच्यात चुना व मॅग्नेशिया भरपूर आढळला; परंतु नत्र, स्फुरद व सेंद्रिय द्रव्य यांच्या बाबतीत ती दरिद्रीच ठरली. खताशिवाय वर्षानुवर्षे पिके देणारी जमीन म्हणून जिची ख्याती, तिच्या ख्यातीचे कारण कोष्टकात सापडेना.

तिच्या रंगाविषयीही असाच प्रकार घडला. काळा रंग कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याचा, असा समज स्वाभाविक होता. पण ते द्रव्य तर अल्प. १९१० साली ॲनेट यांनी टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट या खनिजाच्या कणांकडे बोट दाखविले. १९१२ साली हॅरिसन व रामस्वामी शिवन यांनी लोह व ॲल्युमिनियम यांच्या कलिल-रूपातील जलयुक्त सिलिकेटास रंगाचे कारण मानले. दोघांच्याही शोधाची दिशा एकच होती : रंग देणारा एखादा विशिष्ट घटक असला पाहिजे आणि तो हुडकून काढला पाहिजे.

३

वास्तविक, निराळ्या विचाराची बीजे यापूर्वीच पेरली गेली होती. इंग्लंडात एच. एस. टॉम्पसन व जे. टॉमस वे यांनी १८५० साली दाखवून दिले की, अमोनियाच्या क्षाराचे द्रावण मातीतून झिरपू दिले असता अमोनिया मातीत अडकून राहतो आणि त्याच्या बदली चुना बाहेर पडतो. हा विनिमय तुल्य प्रमाणात होतो आणि तो मातीतील चिकण भागाकडून घडतो, असे वे यांनी प्रतिपादिले. म्हणजे माती हे निष्क्रिय कोठार नसून देवघेव करणारी पेढी आहे, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. परंतु चिकणीच्या कणात ही देवघेव नेमकी कोठे व का घडते, हे सांगण्याचे साधन त्या पिढीजवळ नव्हते.

दुसरे बीज शुद्ध रसायनशास्त्रातील होते. एकाच घटकांचे, एकाच प्रमाणात बनलेले दोन पदार्थ गुणांनी भिन्न असू शकतात, हे ध्यानात आल्यावर बर्झेलियस यांनी १८३० साली ‘समघटकता’ ही संकल्पना मांडली. हिरा हा केवळ कार्बन आहे, हे टेनंट यांनी १७९७ सालीच सिद्ध केले होते. ज्या द्रव्याची काडी कागदावर घासली असता काळी रेघ उमटते, तेच द्रव्य काचेवर ओरखडा पाडते, ही गोष्ट घटकविचाराने उलगडणारी नव्हती. सेंद्रिय रसायनात संरचनेची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. मातीकडे मात्र ती पोहोचली नाही. चिकणमाती हा आकारहीन, कलिल-रूप पदार्थ आहे, असा सार्वत्रिक समज होता. आणि ज्याला आकारच नाही त्याची संरचना कोण शोधणार?

हा समज क्ष-किरणांनी मोडला. १९१२ साली लाउए व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्फटिकांकडून क्ष-किरणांचे विवर्तन होते हे दाखविले. १९१३ पासून ब्रॅग पितापुत्रांनी मीठ, हिरा इत्यादींची अणुरचना उलगडली. १९२४ साली बर्नाल यांनी ग्रॅफाइटची रचना निश्चित केली. हिऱ्यात प्रत्येक कार्बन-अणू चार शेजाऱ्यांशी बळकट सहसंयुजी बंधांनी चहूदिशांस जखडलेला असतो. ग्रॅफाइटमध्ये तसे बंध एका प्रतलातच असतात, आणि प्रतला-प्रतलांमधील आकर्षण दुबळे असल्यामुळे ती एकमेकांवरून घसरतात. १९३० साली अमेरिकेतील हेंड्रिक्स व फ्राय यांनी मातीतील कलिल भागाची क्ष-किरण परीक्षा करून तो बव्हंशी स्फटिकरूप आहे असे दाखविले. पुढील वर्षी केली, डोर व ब्राउन यांनी त्याला दुजोरा दिला. मातीला आकार होता. तो पाहण्याची दृष्टी नव्हती.

४

यानंतरची प्रगती वेगाने झाली. १९३० साली लिनस पॉलिंग यांनी अभ्रक व तत्सम थरयुक्त खनिजांच्या रचनेचे तत्त्व मांडले. १९३३ साली हॉफमन, एंडेल व विल्म यांनी माँटमोरिलोनाइटची रचना आणि त्याचे फुगणे यांचा संबंध जोडून दाखविला. फ्रान्समधील माँटमोरिलाँ या गावावरून १८४७ साली नाव मिळालेले हे खनिज, काळ्या मातीच्या आपल्या कथेत मध्यवर्ती आहे.

या सर्व खनिजांची घडण दोन प्रकारच्या पत्र्यांतून होते. सिलिकॉनच्या एका अणूभोवती ऑक्सिजनचे चार अणू असा चतुष्फलक बनतो, आणि असे चतुष्फलक तळाच्या तीन कोपऱ्यांनी परस्परांस जोडले गेले की षट्कोनी जाळीचा पहिला पत्रा तयार होतो. ॲल्युमिनियमच्या एका अणूभोवती ऑक्सिजन व हायड्रॉक्सिल मिळून सहा असा अष्टफलक बनतो. त्यांचा दुसरा पत्रा होतो. दोन्ही पत्रे सामाईक ऑक्सिजन-अणूंनी सांधले गेले म्हणजे एक थर सिद्ध होतो. थराच्या आतील बंध सर्वच खनिजांत बळकट असतात. भेद उत्पन्न होतो तो एक थर दुसऱ्या थराला कोणत्या बंधाने धरून ठेवतो, यात.

केओलिनाइट, म्हणजे चिनी मातीचे मुख्य खनिज, यात सिलिकेचा एक व ॲल्युमिनेचा एक पत्रा मिळून थर बनतो. त्याची जाडी सुमारे ७.२ अँगस्ट्रॉम असते. थराच्या एका पृष्ठावर हायड्रॉक्सिल व दुसऱ्या पृष्ठावर ऑक्सिजन असल्याने लगतच्या थरांमध्ये हायड्रोजन-बंध जुळतात. एकेक बंध दुर्बळ असला तरी त्यांची संख्या मोठी असते. पाण्याला आत शिरण्यास वाव राहत नाही. म्हणून केओलिनाइट फुगत नाही.

दुसऱ्या कुळात सिलिकेच्या दोन पत्र्यांमध्ये एक अष्टफलकी पत्रा बसलेला असतो. या एकाच सांगाड्याची तीन रूपे शेजारी ठेवून पाहणे बोधप्रद आहे. पहिले पायरोफिलाइट, शंखजिरे हेही त्याचेच मॅग्नेशियमयुक्त भावंड. यांच्या थरांवर विद्युत्भार नसतो, दोन्ही पृष्ठे ऑक्सिजनची असतात, आणि थरांना जोडणारे आकर्षण अगदी क्षीण असते. म्हणून शंखजिरे बोटांना मऊ व निसरडे लागते. परंतु थरांमध्ये आयन नसल्यामुळे पाण्यालाही तेथे ओढ लावणारे काही नसते, आणि ते फुगत नाही. दुसरे रूप अभ्रक. यात दर चार सिलिकॉन-अणूंपैकी एकाची जागा ॲल्युमिनियमने घेतलेली असते, त्यामुळे थरावर मोठा ऋणभार येतो. तो भार पोटॅशियमचे आयन फेडतात, आणि ते जाळीतील षट्कोनी खळग्यांत असे चपखल बसतात की दोन थर घट्ट जखडले जातात. अभ्रकाचे पापुद्रे निघतात, पण ते फुगत नाही.

तिसरे रूप माँटमोरिलोनाइट व त्याचा सोबती बायडेलाइट. येथे अदलाबदल मोजकीच असते. माँटमोरिलोनाइटात काही ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम येते, बायडेलाइटात काही सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम. थरावरील भार अभ्रकाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असतो. अशा अदलाबदलीमुळेच थरांवर भार उत्पन्न होतो, हा विचार मार्शल यांनी १९३५ साली पुढे मांडला. हा भार फेडण्यासाठी कॅल्शियम, मॅग्नेशियम वा सोडियम यांचे आयन थरांमध्ये येतात. पण भार तोकडा असल्याने ते थरांना जखडू शकत नाहीत, उलट स्वतःभोवती पाण्याचे रेणू ओढून घेतात. कोरड्या स्थितीत दहा अँगस्ट्रॉमहून किंचित कमी असलेले थरांचे अंतर पाण्याने पंधरा व पुढे एकोणीस अँगस्ट्रॉमपर्यंत वाढते. म्हणजे भार मुळीच नसेल तर खनिज फुगत नाही, भार भरपूर असेल तरीही फुगत नाही. मधल्या भारावरच ते फुगते.

घटकविचाराची मर्यादा येथे स्पष्ट होते. केओलिनाइटात सिलिका व ॲल्युमिना यांचे रेणु-गुणोत्तर दोन असते, माँटमोरिलोनाइटात चारच्या आसपास. तेव्हा सिलिका अधिक म्हणून माती फुगते, असे अनुमान कोणी काढील. परंतु पायरोफिलाइटातही हे गुणोत्तर चारच आहे, आणि ते फुगत नाही. त्यामुळे गुणोत्तर हा फुगण्याच्या कारणाचा पुरावा ठरू शकत नाही.

५

या नव्या ज्ञानाचा प्रकाश आपल्या प्रदेशाच्या मातीवर पडण्यास फार काळ लागला नाही. १९४० साली नागेलश्मिट, देसाई व म्यूर यांनी हैदराबाद संस्थानातील एक काळी माती व एक तांबडी माती यांच्या चिकण भागांतील खनिजांवरील अभ्यास केंब्रिजहून निघणाऱ्या कृषिविज्ञानाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. नांदेड जिल्हा त्या वेळी याच संस्थानात होता. संस्थानाचे भारतात विलीनीकरण १९४८ साली झाले, आणि मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. या अभ्यासातून काळ्या मातीची चिकण माँटमोरिलोनाइट-बायडेलाइट कुळातील, तर तांबडीची मुख्यतः केओलिन कुळातील, असा निर्णय झाला. शेतकऱ्याने डोळ्यांनी व पायांनी ओळखलेला भेद अणूंच्या मांडणीपर्यंत नेऊन पोहोचविणारा, दख्खनच्या मृदा-रसायनातील हा टप्पा होय.

त्यानंतर रंगाच्या प्रश्नालाही वेगळे वळण मिळाले. सिंग यांनी १९५४ व १९५६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, सेंद्रिय द्रव्य अल्प असले तरी ते या चिकणीशी संयोग पावून गडद रंगाचे संकुल बनविते, असे मत मांडले. अर्थात येथेही प्रश्न द्रव्याच्या प्रमाणाचा न राहता संयोगाच्या रीतीचा झाला. १९५९ साली ताम्हणे व नामजोशी यांनी निरनिराळ्या मूळ खडकांपासून झालेल्या काळ्या मातींची तुलना केली. १९९३ साली भट्टाचार्य, पाल व देशपांडे यांनी याची दुसरी बाजू अभ्यासिली : सह्याद्रीच्या प्रदेशात एकाच दख्खनी बेसाल्टावर तांबडी व काळी अशा दोन्ही माती कशा घडतात, हा त्यांचा विषय होता.

या अभ्यासांच्या एकत्रित वाचनातून एक सरधोपट समजूत गळून पडते. काळी माती बेसाल्टाची व तांबडी ग्रॅनाइटाची, हे नांदेडच्या पूर्वभागात ढोबळमानाने खरे दिसले तरी नियम म्हणून टिकत नाही. पाऊस भरपूर व निचरा चांगला असेल तेथे सिलिका, चुना व मॅग्नेशिया धुपून जातात, आणि उरलेल्या द्रव्यातून एक-पत्री सिलिकेचे केओलिनाइट घडते. पाऊस मध्यम, जमीन सखल व निचरा मंद असेल तेथे ती द्रव्ये मागे राहतात आणि दोन-पत्री माँटमोरिलोनाइट कुळ घडते. खडक द्रव्य पुरवितो. त्याची बांधणी हवा, उतार व पाणी यांच्या स्वाधीन असते.

६

ही संरचना एकदा ध्यानात आली म्हणजे शेतातील अनुभवांची संगती लागते. माँटमोरिलोनाइटाचे थर सुटे होऊ शकत असल्याने त्याच्या एका ग्रॅमाचे एकूण पृष्ठफळ सातशे ते आठशे चौरस मीटर, म्हणजे सात-आठ गुंठे भरते. केओलिनाइटाचे ते दहा-वीस चौरस मीटरच असते. शंभर ग्रॅम केओलिनाइट तीन ते पंधरा मिलितुल्यांक आयन अदलाबदलीसाठी धरते, तेवढेच माँटमोरिलोनाइट ऐंशी ते दीडशे. कोष्टकात दरिद्री दिसणारी काळी माती पिकाला का पोसते, याचे उत्तर बरेचसे येथे आहे : तिच्याजवळील पाणी व चुना-मॅग्नेशिया यांचा साठा मोठा आणि देवाणघेवाणीस खुला असतो. तिचा वाफसा अरुंद का, हेही यातूनच उमगते. प्रचंड पृष्ठावर धरलेले पाणी थोडे कमी होताच कण परस्परांस आवळून धरतात व ढेकूळ दगडासारखे होते. थोडे अधिक होताच थर सैल होऊन चिखल होतो.

सोडियमची कथा याहून बोलकी आहे. थरांमध्ये कॅल्शियम असेल तर दुहेरी धनभारामुळे थर ठराविक अंतरापलीकडे जात नाहीत व माती कणीदार राहते. त्याजागी सोडियम आले तर विरळ द्रावणात थर एकमेकांपासून पार विलग होतात, छिद्रे बुजतात, निचरा थांबतो. आपल्याकडे जिला ‘चोपण’ म्हणतात ती जमीन हीच. खनिज तेच, थरही तेच. आयन बदलला आणि जमीन पडीक झाली. कालव्याच्या पाण्याने भूजलाची पातळी वाढली व निचऱ्याची सोय नसली तर काळ्या जमिनीवर हे संकट ओढवते. त्यावर जिप्समचा उपाय सांगितला जातो. तो वे यांनी १८५० साली वर्णिलेल्या विनिमयाचाच प्रयोग होय : कॅल्शियम द्यावे, सोडियम सोडवावे, आणि सुटलेले सोडियम निचऱ्याच्या पाण्याबरोबर बाहेर घालवावे. निचऱ्याची व्यवस्था न करता केवळ जिप्सम टाकणे व्यर्थ का, हेही यावरून कळेल.

बांधकामातही हाच बंध निर्णायक ठरतो. गावगाड्याच्या परिभाषेत काळी म्हणजे शेतीची जमीन व पांढरी म्हणजे वस्तीची. माळवदावर पसरण्यासाठी पांढरीची माती आणावयाची, काळीची नव्हे, ही रीत मराठवाड्यात जुनी आहे. काळी माती छपरावर घातली तर पहिल्या उन्हाळ्यात भेगाळेल, हे अनुभवाने ठाऊक होते. अर्वाचीन स्थापत्याला मात्र हा धडा पुन्हा गिरवावा लागला. काळ्या जमिनीवरील हलक्या इमारतींच्या भिंती तडकू लागल्या, कालव्यांची अस्तरे उचलली गेली. १९५० नंतरच्या दशकात रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी फुगीर असलेल्या पायाच्या खांबांची पद्धत विकसित केली; त्यात इमारतीचा भार हंगामी ओलीच्या पलीकडील खोल थरावर टेकविला जातो. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या संसक्त मातीचा थर देण्याची रीत सिद्ध केली. कर्नाटकातील मलप्रभा कालव्यांवर तिचा उपयोग झाला. दोन्ही उपायांत मातीच्या स्वभावाशी झगडा न करता तिची संरचना गृहीत धरली आहे.

७

या इतिहासावरून घटकांचे विश्लेषण निरुपयोगी, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. थरावरील भार हा अखेर काही अणूंच्या अदलाबदलीतून, म्हणजे घटकांतील फरकातूनच उद्भवतो. आणि चोपण जमिनीत तर थरांमधील आयन कोणता यावरच सर्व अवलंबून असते. लेदर, ॲनेट, हॅरिसन यांनी जमविलेल्या कोष्टकांशिवाय पुढील अभ्यासकांपुढे प्रश्नच नीट मांडला गेला नसता. मथितार्थ इतकाच की, घटकाचे महत्त्व त्याच्या शेकडा प्रमाणावरून ठरत नाही. तो संरचनेत कोठे बसला आहे व कोणत्या बंधाने बांधला आहे, यावरून ठरते. अष्टफलकी पत्र्यात अडकलेले मॅग्नेशियम आणि थरांमध्ये पाण्यासह वावरणारे मॅग्नेशियम कोष्टकात एकाच रकान्यात येतात. मातीत त्यांची कामे अगदी निरनिराळी असतात. पहिले भार निर्माण करते, दुसरे तो फेडते.

आजही मातीच्या नमुन्याचा जो अहवाल शेतकऱ्याच्या हाती पडतो, त्यात प्रामुख्याने घटकांचे आकडे असतात. ते आवश्यक आहेत. पण नायगावच्या परिसरातील काळ्या व तांबड्या शेतास समान आकडे आले म्हणून समान सल्ला देता येणार नाही. पाणी किती अंतराने द्यावे, निचऱ्याचे चर किती जवळ काढावेत, घराचा पाया किती खोल न्यावा, या प्रश्नांची उत्तरे चिकणीचे खनिज कोणते यावर अवलंबून आहेत. मराठवाड्यातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांस या विषयात काम करण्यास वाव मोठा आहे. बेसाल्ट व ग्रॅनाइट यांच्या सीमेवरील ही भूमी त्यांच्या दाराशी आहे, आणि एकाच शिवारात दोन्ही कुळांची खनिजे हाती लागण्याची अशी सोय सर्वत्र नसते. काळी व तांबडी हा भेद ज्यांनी प्रथम केला, त्यांनी तो रंगाच्या नावाने केला. परंतु त्यांच्या व्यवहारात तो नेहमीच ओल, भेग व वाफसा यांचा भेद होता. रसायनशास्त्राने त्या भेदाखालील बंध दाखवून दिला आहे. त्या बंधाच्या ज्ञानाचा उपयोग पुन्हा त्याच शिवारात होणे, हेच या अभ्यासाचे उचित फलित होय.